लिनक्सवर माउस बिघडला तर: दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याची पद्धत

लिनक्स नुकतेच वापरायला लागलेल्या माणसाचा माउस अडखळू लागला, एका क्लिकला दोन क्लिक पडू लागले किंवा पॉइंटर जागचा हलेनासा झाला, की पहिला संशय लिनक्सवर जातो आणि पहिला हात सेटिंग्जना लागतो. वेग बदलून पाहिला जातो, कुठेतरी सापडलेल्या चार कमांड अर्थ न समजता टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, चिकटवल्या जातात, आणि शेवटी मूळ दोष तसाच राहून त्यात नव्या दोषांची भर पडते. हे टाळायचे असेल तर एक पथ्य कटाक्षाने पाळावे: दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे कळेपर्यंत काहीही बदलू नये.

टप्पे फार नाहीत. माउसमधला सेन्सर हालचाल टिपतो आणि बटणांखालचे छोटे स्विच क्लिक टिपतात. ही माहिती वायरने किंवा रिसीव्हरमधून यूएसबी पोर्टपर्यंत येते. तिथून ती लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नेलकडे जाते. कर्नेलकडून ती लिबइनपुट नावाची प्रणाली घेते, जी आजच्या बहुतेक डेस्कटॉपवर माउस आणि टचपॅडचा कारभार पाहते. आणि सर्वांत शेवटी ग्नोम, सिनॅमन, केडीई प्लाझ्मा यांसारखा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग, पॉइंटर हलवतो. इमारतीतल्या एका नळाला पाणी येईनासे झाले, तर जाणता प्लंबर आधी टाकी पाहतो, मग व्हॉल्व्ह पाहतो आणि नळाला शेवटी हात लावतो. इथेही क्रम तोच ठेवावा.

पुढील सूचना उबुंटू आणि लिनक्स मिंट ही दोन डिस्ट्रिब्युशन, म्हणजे लिनक्सच्या वापरायला तयार अशा आवृत्त्या, डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. कमांड देवनागरीत दिल्या आहेत. त्या टाइप करताना छोट्या रोमन अक्षरांत कराव्यात, आकडेही रोमन असावेत, आणि जिथे अक्षरे सुटी करून दिली आहेत तिथे ती त्याच क्रमाने जोडून लिहावीत.

माउसशिवाय काम चालवण्याची तयारी

माउस पूर्ण बंद असेल तर तपासणीही कीबोर्डवरूनच करावी लागते, म्हणून चार गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. कंट्रोल, ऑल्ट आणि टी या कळा एकत्र दाबल्या की उबुंटू आणि मिंट दोन्हीकडे टर्मिनल उघडते. विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून कोणत्याही प्रोग्रॅमचे नाव टाइप केले की तो सापडतो. टॅबने पुढच्या बटणावर जाता येते, एंटरने ते दाबता येते आणि ऑल्ट-टॅबने खिडकी बदलता येते. याशिवाय सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी विभागात ‘माउस कीज’ नावाची सोय असते. ती चालू केली की कीबोर्डच्या उजवीकडील अंकपट्टीवरून पॉइंटर हलवता येतो आणि ५ या कळेने क्लिक करता येते. ही सोय मुळात हाताने माउस धरता न येणाऱ्यांसाठी आहे, पण अडचणीच्या वेळी ती प्रत्येकाला उपयोगी पडते.

टर्मिनल उघडण्याआधी

सर्वांत मोलाची परीक्षा सर्वांत सोपी आहे: हाच माउस दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा आणि दुसरा माउस या संगणकाला लावून पाहावा. दुसऱ्या संगणकावरही तोच त्रास होत असेल तर दोष माउसमध्ये आहे आणि लिनक्सवर वेळ घालवण्याचे कारण नाही. घरी दुसरा संगणक नसेल तर शेजाऱ्याकडे किंवा कार्यालयात पाच मिनिटे माउस लावून बघावा, कारण या एका परीक्षेने शोधाचे क्षेत्र निम्मे होते.

त्यानंतर पोर्ट बदलावा. डेस्कटॉप संगणकाच्या मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, तर पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतून एका वायरने जोडलेले असतात आणि ती वायर सैल असणे, विशेषतः असेंबल केलेल्या संगणकांत, मुळीच विरळ नाही. यूएसबी हब मध्ये असेल तर तो काढून माउस थेट लावावा.

माउस उलटा करून सेन्सरच्या खाचेत पाहावे. एखादा केस किंवा धाग्याचा तुकडा तिथे अडकला असेल तर पॉइंटर थरथरतो किंवा उड्या मारतो. फुंकर आणि कोरडा मऊ कापूस यांनी तो निघतो. काचेच्या किंवा चकचकीत सनमायका लावलेल्या टेबलावर साधा ऑप्टिकल सेन्सर गोंधळतो, कारण तो खालच्या पृष्ठभागाची एकामागून एक चित्रे घेऊन त्यांतील फरकावरून हालचाल ओळखतो आणि गुळगुळीत पृष्ठभागावर त्याला फरकच सापडत नाही. खाली साधा कागद ठेवून पाहावे. त्रास थांबला तर माउस पॅड घ्यावा आणि विषय संपवावा. वायरलेस माउस असेल तर सेल बदलावेत. अर्धवट उतरलेल्या सेलवर माउस बंद न पडता मधूनमधून अडखळत चालतो, त्यामुळे ‘लाइट लागतो आहे, म्हणजे सेल ठीक आहेत’ हा तर्क चुकीचा ठरतो.

आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. लॉगइनच्या पडद्यावर माउस व्यवस्थित चालतो आणि लॉगइन केल्यावर बिघडतो, असे होत असेल तर दोष बहुधा आपल्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये असतो. खात्री करण्यासाठी एक नवे वापरकर्ता खाते उघडून त्यात शिरून पाहावे.

कर्नेलला माउस दिसतो का

आता टर्मिनल उघडून एल-एस-यू-एस-बी ही कमांड द्यावी. यूएसबीला जोडलेल्या सर्व वस्तूंची यादी येते आणि प्रत्येक ओळीत चार-चार अक्षरांच्या दोन भागांचा एक ओळख क्रमांक असतो. माउस काढून एकदा आणि लावून एकदा कमांड दिली, की वाढलेली ओळ आपल्या माउसची किंवा त्याच्या रिसीव्हरची आहे हे कळते. तो क्रमांक टिपून ठेवावा, पुढे लागेल. ओळ वाढतच नसेल तर माहिती पोर्टपर्यंतच पोहोचत नाही, म्हणजे वायर, पोर्ट किंवा माउस यांपैकी काहीतरी गेलेले आहे आणि डेस्कटॉपच्या कोणत्याही सेटिंगने ते दुरुस्त होणार नाही.

याहून बोलकी कमांड म्हणजे ‘सुडो डी-एम-ई-एस-जी’ आणि तिच्यापुढे जागा सोडून उणे चिन्हाला जोडलेले डब्ल्यू. सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ, कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवणारा शब्द. ते लिहिले की पासवर्ड मागितला जातो आणि टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही, हे तसेच अपेक्षित आहे. या कमांडमुळे कर्नेलचे निरोप घडतील तसे पडद्यावर येत राहतात. माउस लावल्यावर नवी यूएसबी वस्तू सापडल्याची ओळ येते, तिला एक क्रमांक दिला जातो, आणि पुढच्या ओळींत माउसचे नाव येते. मग माउस नेहमीसारखा वापरत राहावे आणि या खिडकीकडे लक्ष ठेवावे. समजा माउसला क्रमांक ७ मिळाला होता. पॉइंटर अडकला त्याच क्षणी ‘डिस्कनेक्ट’ शब्दाची आणि ७ क्रमांकाची ओळ आली, लगेच ८ क्रमांकाने नवी वस्तू सापडल्याची ओळ आली, थोड्या वेळाने ८ गेला आणि ९ आला, तर माउसचा विद्युत संपर्क प्रत्यक्ष तुटतो आणि जुळतो आहे. अशा वेळी माउस स्थिर ठेवून वायर हळूहळू वाकवत जावे, विशेषतः ती माउसच्या शरीरात शिरते त्या मानेपाशी. एका ठराविक वळणावर ओळी येऊ लागल्या तर आत तार तुटलेली आहे. ‘एरर’ शब्दापुढे -७१ किंवा -११० हे आकडे दिसले तर पहिल्याचा अर्थ संभाषणात गडबड झाली आणि दुसऱ्याचा अर्थ उत्तर वेळेत आले नाही असा असतो. दोन्हींमध्ये आधी पोर्ट आणि वायर यांच्याकडेच पाहावे. पाहून झाले की कंट्रोल-सी दाबून कमांड थांबवावी.

थोड्या वेळाने झोपणारा माउस

काही क्षण हात काढून घेतला आणि पुन्हा माउस हलवला की पॉइंटर अर्धा-एक सेकंद निपचित राहतो, किंवा क्लिक केल्याशिवाय जागाच होत नाही: या तक्रारीचे मूळ बहुधा वीजबचतीत असते. कर्नेलमध्ये वापरात नसलेल्या यूएसबी वस्तूंना झोपवण्याची सोय आहे. माउसला ती एरवी लागू केली जात नाही, पण लॅपटॉपची बॅटरी वाचवण्यासाठी बसवलेली साधने ती लागू करू शकतात. पॉवरटॉप या साधनाचा ‘ऑटो-ट्यून’ हा पर्याय यासाठी अनेकदा कारणीभूत असतो. सुडोने पॉवरटॉप सुरू करून टॅब कळेने ‘ट्यूनेबल्स’ या पानावर जावे, माउसच्या नावाची ओळ शोधावी आणि तिच्यावर एंटर दाबावा. ओळीच्या सुरुवातीला ‘गुड’ऐवजी ‘बॅड’ असे दिसू लागेल. हा शेरा फक्त विजेच्या दृष्टीने असल्यामुळे माउसच्या बाबतीत तोच हवा आहे. हा बदल संगणक पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो, म्हणून त्याने त्रास थांबला तर संगणक सुरू होताना ऑटो-ट्यून आपोआप चालवणारी व्यवस्था बंद करावी. टीएलपी हे दुसरे प्रचलित साधन माउस आणि कीबोर्ड यांना स्वतःहून वगळते. तरीही संशय राहिला तर त्याच्या सेटिंगच्या फाइलमधील ‘यूएसबी डेनीलिस्ट’ या ओळीत आधी टिपून ठेवलेला ओळख क्रमांक लिहावा.

संशय खरा की खोटा हे कोणताही कायमचा बदल न करता तपासता येते. संगणक सुरू होताना ग्रब मेनू, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणारी यादी, आणावा (ती आपोआप दिसत नसेल तर सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून पाहावी), तिथे ई ही कळ दाबावी, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या लांब ओळीच्या शेवटी जागा सोडून ‘यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१’ हे रोमन अक्षरांत, मध्ये टिंब ठेवून आणि कुठेही जागा न सोडता जोडावे आणि कंट्रोल-एक्सने संगणक सुरू करावा. ही भर त्या एका खेपेपुरतीच असते. दिवसभर माउस झोपला नाही तर कारण सापडले. झोपला तर वीजबचत या कारणावर फुली मारून पुढे जावे.

वायरलेस माउस अडखळण्याचे दुसरे कारण वेगळेच असते आणि ते माहीत नसल्यामुळे चांगले माउस फेकून दिले जातात. छोटा रिसीव्हर असलेले बहुतेक माउस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, आणि यूएसबी ३.० चे पोर्ट व त्यांना लावलेली उपकरणे चालू असताना याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका तांत्रिक टिपणात हे मोजमापांसह दाखवले आहे. ओळखण्याची खूण अशी: बाहेरच्या हार्ड डिस्कवर मोठी फाइल कॉपी होत असताना माउस हमखास अडखळतो आणि कॉपी संपली की सुधारतो. उपायही स्वस्त आहे. रिसीव्हर डिस्कपासून दूरच्या, शक्यतो यूएसबी २.० च्या पोर्टला लावावा, किंवा हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेऊन तो माउसजवळ टेबलावर आणावा. डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला रिसीव्हर लावला असेल तर मध्ये कॅबिनेटचा लोखंडी पत्रा येतो, तेव्हाही हाच उपाय लागू पडतो.

एका क्लिकला दोन क्लिक

फोल्डर एकदा दाबले तरी उघडते, फाइल ओढून नेताना मध्येच सुटते, मजकूर निवडताना निवड तुटते. तिन्हींचे कारण बहुधा एकच असते: बटणाखालच्या स्विचमधली धातूची पातळ पट्टी झिजल्यामुळे ती एका दाबात थरथरून दोनदा संपर्क साधते. अंदाजावर न थांबता हे पडद्यावर पाहता येते. त्यासाठी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबइनपुट-टूल्स’ या कमांडने साधने बसवावीत; यातील ॲप्ट म्हणजे ए-पी-टी, आणि लिबइनपुट म्हणजे एल-आय-बी याला जोडून इनपुट हा शब्द. मग ‘सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स’ ही कमांड द्यावी. माउस हलवला की हालचालीच्या ओळींचा पूर येतो, म्हणून माउस टेबलावर स्थिर धरून डावे बटण सावकाश, एकेकदा, ठामपणे दाबावे. प्रत्येक दाबाला दोनच ओळी यायला हव्यात, एक ‘प्रेस्ड’ म्हणजे दाबल्याची आणि एक ‘रिलीज्ड’ म्हणजे सोडल्याची, आणि प्रत्येक ओळीत वेळ सेकंदांत दिलेली असते. उदाहरणार्थ ४.१२० ला दाबले आणि ४.२१० ला सोडले, इतकेच दिसले तर बटण निरोगी आहे. पण बोटाने एकदाच दाबलेले असताना पुढे ४.२४५ ला पुन्हा दाबले आणि ४.२९० ला पुन्हा सोडले अशाही ओळी आल्या, तर तो दुसरा क्लिक स्विचने स्वतः निर्माण केलेला आहे. लिबइनपुट फार जवळच्या, म्हणजे साधारण २५ मिलिसेकंदांच्या आतल्या, अशा थरथरी स्वतःच गाळून टाकते. ज्या ओळी इथे दिसतात त्या या गाळणीतूनही निसटलेल्या असतात, म्हणजे स्विच बराच झिजला आहे. डबल-क्लिकचा वेग कमी-जास्त करण्याच्या सेटिंगने हा दोष जात नाही, फक्त काही दिवस लपतो. माउस वॉरंटीत असेल तर बदलून घ्यावा, नसेल तर डाग देता येणाऱ्याकडून स्विच बदलून घ्यावा. तोपर्यंतची सोय म्हणून सेटिंग्जमध्ये प्रमुख बटण डावीकडून उजवीकडे करता येते.

या कमांडबद्दल एक आश्वासक गोष्ट सांगायला हवी. ती कीबोर्डचेही संकेत दाखवते, पण कोणती अक्षरकळ दाबली ते ताऱ्यांनी झाकते, त्यामुळे तिची ओळ मदतीसाठी कोणाला दाखवली तरी पासवर्ड उघड होत नाही.

पॉइंटर हलतो पण क्लिक कुठेच लागत नाही, ही तक्रारही इथेच उकलते. दाबल्याच्या ओळीच्या शेवटी ‘सीट काउंट’ असा आकडा असतो. तो १ ऐवजी २ येत असेल तर दुसऱ्या कोणत्या तरी उपकरणाचे तेच बटण आधीपासून दाबलेले राहिले आहे. लॅपटॉपच्या टचपॅडखालचे बटण अडकणे किंवा ड्रॉवरमध्ये पडलेल्या दुसऱ्या वायरलेस माउसचे बटण वहीखाली दाबले जाणे, असे त्याचे साधे कारण असते. आकडा ठीक असेल तर आधी एस्केप दाबून पाहावे, कारण एखादा अर्धवट उघडलेला मेनू सगळे क्लिक स्वतःकडे धरून बसलेला असू शकतो.

चाक आणि वेग

पान खाली सरकवताना ते मधूनच वर उडत असेल तर वरचीच कमांड चालू ठेवून चाक एकाच दिशेने फिरवावे. सर्व ओळींत आकड्यांचे चिन्ह सारखे हवे. मध्येच उलट चिन्ह येत असेल तर चाकाच्या आसाजवळ धूळ बसली आहे. दाबाखालच्या हवेने ती बऱ्याचदा निघते. चाक नेहमीच उलट्या दिशेने चालत असेल तर तो बिघाड नव्हे: सेटिंग्जमधील ‘नॅचरल स्क्रोलिंग’ बंद करावे. त्याचप्रमाणे चाक दाबल्यावर निवडलेला मजकूर आपोआप चिकटतो, ही लिनक्सवरची जुनी आणि उपयुक्त सोय आहे.

पॉइंटर फार वेगाने पळतो किंवा अचूक थांबत नाही असे वाटत असेल तर वेगाच्या पट्टीआधी ‘ॲक्सेलरेशन’ पाहावे. ते चालू असते तेव्हा हात जोरात हलवला की पॉइंटर प्रमाणापेक्षा जास्त पळतो. बंद केले, म्हणजे ‘फ्लॅट’ निवडले, की हाताच्या अंतराशी पॉइंटरचे अंतर नेहमी सारख्या प्रमाणात राहते. चित्रकाम करणाऱ्यांना आणि खेळ खेळणाऱ्यांना बहुधा दुसरी पद्धत आवडते. संवेदनशीलता माउसमध्येच साठवणाऱ्या गेमिंग माउससाठी पायपर आणि लॉजिटेकच्या बऱ्याच माउससाठी सोलार हे प्रोग्रॅम उपलब्ध आहेत. सोलारमध्ये बॅटरीची स्थितीही दिसते. जुन्या लेखांत ‘एक्सइनपुट’ ही कमांड सुचवलेली आढळते. एक्स११ आणि वेलँड या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या दोन प्रणाली आहेत. ही कमांड एक्स११ वर चालते, मात्र उबुंटूचा आजचा डेस्कटॉप वेलँडवर चालतो आणि तिथे तिने केलेले बदल लागू होत नाहीत. आपण कशावर आहोत हे ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये संगणकाच्या तपशिलात ‘विंडोइंग सिस्टिम’ या नावापुढे लिहिलेले असते.

ब्लूटूथ माउस

ब्लूटूथ माउस सापडतच नसेल तर आधी ‘आर-एफ-किल लिस्ट’ ही कमांड द्यावी (पहिला शब्द जोडून आणि लिस्टआधी जागा सोडून) आणि ब्लूटूथपुढे ‘ब्लॉक्ड: येस’ आहे का ते पाहावे, ‘सॉफ्ट’ अडथळा ‘सुडो आर-एफ-किल अनब्लॉक ब्लूटूथ’ने निघतो, ‘हार्ड’ अडथळ्यासाठी लॅपटॉपवरचे बटण किंवा कळ दाबावी लागते. जोडणी होऊन तुटत असेल तर जुनी नोंद काढून टाकून नव्याने जोडणे सर्वांत खात्रीचे. ब्लूटूथ या शब्दाला सी-टी-एल जोडून होणारी कमांड द्यावी आणि तिच्या आत रिमूव्ह, स्कॅन ऑन, पेअर, ट्रस्ट, कनेक्ट हा क्रम पाळावा. रिमूव्ह, पेअर, ट्रस्ट आणि कनेक्ट यांच्यापुढे माउसचा पत्ता, म्हणजे यादीत त्याच्या नावाआधी दिसणारी अक्षरे आणि आकडे, लिहावा. ‘ट्रस्ट’ विसरले तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर माउस आपोआप जोडला जात नाही.

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर एकीकडे जोडलेला माउस दुसरीकडे गेल्यावर ओळख देत नाही. जोडणीच्या वेळी ठरलेली गुप्त किल्ली प्रत्येक प्रणाली आपापल्यापुरती साठवते, माउसला मात्र एका संगणकासाठी एकच किल्ली आठवते. काही माउसवर एकाहून जास्त जोडण्यांसाठी निवडीचे बटण असते. तिथे प्रत्येक प्रणालीला वेगळी जागा द्यावी. वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असून वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर असेल तेव्हाही माउस अडखळतो. राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क निवडून पाहावे.

लॅपटॉपवर पॉइंटर आपोआप सरकत असेल तर

बाहेरचा माउस काढून ठेवावा. तरीही पॉइंटर सरकत असेल तर संशय टचपॅडवर घ्यावा. चार्जर लावल्यावरच असे होत असेल तर अर्थिंग पाहावे: दोन पिनांचा चार्जर किंवा अर्थिंग नसलेला सॉकेट यांमुळे टचपॅडला बोटाचा खोटा भास होतो. चार्जर काढताच पॉइंटर शांत झाला, तर वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्यावा. हे काम माउसपेक्षाही महत्त्वाचे आहे.

तरीही उलगडा झाला नाही तर

प्रणाली अद्ययावत केल्यानंतरच त्रास सुरू झाला असेल तर ग्रब मेनूमधील ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नेल निवडावा. जुन्या कर्नेलवर माउस ठीक चालला तर नव्यातील दोष सिद्ध झाला आणि पुढच्या अद्ययावतीपर्यंत जुन्यावरच काम करता येते. दुसरी परीक्षा लाइव्ह पेनड्राइव्हची: एखाद्या डिस्ट्रिब्युशनचा पेनड्राइव्ह तयार करून, संगणकात काहीही न बसवता, त्यावरून संगणक सुरू करून माउस वापरून पाहावा. तिथे माउस ठीक चालला तर दोष संगणकात बसवलेल्या प्रणालीत शोधावा.

कोणाकडे मदत मागायची वेळ आली तर ‘माउस चालत नाही’ एवढे लिहून उपयोग होत नाही. डिस्ट्रिब्युशनचे नाव आणि आवृत्ती, डेस्कटॉप, एक्स११ की वेलँड, माउसचा ओळख क्रमांक, दुसऱ्या संगणकावर काय घडले, आणि दोष दिसला त्या क्षणीच्या कर्नेलच्या ओळी, इतके द्यावे. दोष लिबइनपुटमध्ये असल्याचा संशय असेल तर ‘सुडो लिबइनपुट रेकॉर्ड’ ही कमांड माउसचे संकेत जसेच्या तसे नोंदवते, आणि ती नोंद पाहून प्रकल्पातील माणसे तोच प्रसंग आपल्या संगणकावर पुन्हा घडवू शकतात. नोंद सुरू केल्यावर फक्त दोष दिसेल इतकीच हालचाल करावी, म्हणजे वाचणाऱ्याला शेकडो ओळींत तो शोधत बसावे लागणार नाही.